सात वेळचा विजेता नवशिक्यांच्या रांगेत

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एल कहोन नावाचे शहर आहे. तेथे एका घरात आई शाळेची बस चालवीत असे आणि वडील अवजड यंत्रांवर कामाला होते. या घरात १९७५ साली जन्मलेल्या मुलाला चार-पाच वर्षांचा असतानाच मोटारसायकलच्या शर्यतींचे वेड लागले. मुलाचे नाव जिमी जॉन्सन. पुढे हाच मुलगा 'नॅस्कार' या अमेरिकेतील अतिशय लोकप्रिय मोटार शर्यतीचा सात वेळा अजिंक्यवीर झाला. २००६ ते २०१० अशी लागोपाठ पाच वर्षे, नंतर २०१३ आणि २०१६. रिचर्ड पेटी आणि डेल अर्नहार्ट या दोघांनीच तोवर सात वेळा हा मान मिळविला होता. लागोपाठ पाच वेळा मात्र त्या दोघांनाही जमले नव्हते. जॉन्सनने एकंदर ८३ शर्यती जिंकल्या.

वाचक बंधुभगिनींनो, आज आम्हांला त्या ८३ विजयांबद्दल लिहावयाचे नाही. विजयाच्या कथा सगळीकडे छापून येतात. आम्हांला लिहावयाचे आहे ते २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांबद्दल. या दोन वर्षांत जॉन्सन २९ शर्यती धावला आणि त्यांतली एकही जिंकला नाही. तरीही त्याच्या आयुष्यातला हाच भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

मोटार शर्यत हा काही आपल्या घरातला विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. टीव्हीवर दिसली तरी आपण चॅनल बदलतो. एका रिंगणात गाड्या गरगर फिरतात, त्यात पाहायचे काय, असा प्रश्न आमच्या घरीही विचारला जातो. पण गाडी चालवून पोट भरणारी माणसे आपल्या वस्तीत घरोघरी आहेत. रिक्षा, टेम्पो, ट्रक, एस.टी., टँकर यांपैकी काही ना काही चालविणारा माणूस प्रत्येक आळीत सापडतो. त्या सर्वांना पुढील मजकूर आमच्यापेक्षा लवकर समजेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मोटार शर्यत हा एक खेळ नाही, ते अनेक खेळांचे घराणे आहे. कुस्तीतला मल्ल उद्या कबड्डीच्या मैदानात उतरला, तर ताकद तीच, पण डाव निराळे. तसेच हे आहे. नॅस्कारच्या गाडीला स्टॉक कार म्हणतात. ती दिसायला रस्त्यावरच्या बंद मोटारीसारखी, वजनाला सुमारे दीड हजार किलो. चालक तिच्यात डाव्या बाजूला ताठ बसतो. जॉन्सनच्या काळात तिला हाताने टाकायचे चार गिअर होते. गाडीला गाडी घासली, मागून हलका धक्का दिला, तरी शर्यत चालू राहते. किंबहुना असा धक्का देणे हा त्या खेळातला एक डावच आहे.

२०२० च्या अखेरीस नॅस्कारमधील पूर्ण वेळेची कारकीर्द संपवून जॉन्सन ज्या शर्यतीत गेला, तिचे नाव 'इंडीकार'. तिथली गाडी म्हणजे बाणासारखी, चारही चाके उघडी. वजन साधारण निम्मे. चालक मधोमध, जवळजवळ आडवा पडून बसतो. गिअर स्टिअरिंगमागच्या पट्टीने बोटाने बदलायचे. स्टिअरिंगला पॉवर नाही, म्हणजे सगळा जोर मनगटाचा आणि दंडाचा. आणि उघडे चाक उघड्या चाकाला लागले, तर गाडी हवेत उडू शकते. म्हणजे एका ठिकाणी जो डाव, तोच दुसऱ्या ठिकाणी अपघात.

आमच्या वस्तीत एक ड्रायव्हर मामा आहेत. वीसेक वर्षे गिअरची बस चालविल्यावर त्यांना विजेवरची बस मिळाली. तिला ना क्लच, ना गिअर. सगळे म्हणाले, मामांची मजा झाली. पण पहिला महिनाभर त्यांचा डावा पाय प्रत्येक थांब्याला हवेत क्लच शोधीत असे. डोक्याला पहिल्याच दिवशी समजले होते. पाय मात्र ऐकत नव्हता.

जॉन्सनचा पाय अडला तो ब्रेकवर. हा भाग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण सगळी गोम इथेच आहे.

इंडीकारला पुढे-मागे पंख असतात. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हे पंख उलटे बसविलेले असल्याने वारा गाडीला खाली दाबतो. वेग जितका जास्त, तितका हा दाब जास्त, आणि दाब जितका जास्त, तितके टायर रस्त्याला घट्ट धरतात. याचा अर्थ असा, की वळण जवळ आल्यावर ब्रेक मारायचा तो पहिल्याच क्षणी सर्व ताकदीनिशी, कारण त्या क्षणी वेग सर्वाधिक आणि पकडही सर्वाधिक. पुढच्या क्षणाला वेग उतरतो, वाऱ्याचा दाब कमी होतो, पकड सैल होते. म्हणून पायही तितक्याच हिशेबाने सोडीत आणावा लागतो. उशिरा सोडला तर चाक जाम होऊन टायर घासतो, लवकर सोडला तर वेळ वाया जातो. हा सगळा व्यवहार दोन-तीन सेकंदांत आटोपतो.

स्टॉक कारचे याच्या उलट. गाडी जड, वाऱ्याचा दाब त्या मानाने थोडा. पहिल्याच क्षणी लाथ मारावी तसा ब्रेक मारला तर चाके जाम होतात. म्हणून तिथे पाय बेताने टेकवायचा, गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येऊ द्यायचे आणि मग जोर वाढवायचा. जॉन्सनने एकोणीस हंगाम हेच केले आणि या कामात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. ज्या हळुवार पायाने त्याला सात वेळा अजिंक्यवीर केले, तोच पाय आता प्रत्येक वळणावर त्याचा वेळ खात होता.

वळणाच्या आतली गोष्टही अशीच. स्टॉक कारचा मागचा भाग वळणात थोडा सरकतो. ते सरकणे चालकाला कमरेत जाणवते, तो स्टिअरिंग किंचित फिरवून सावरतो. इंडीकार सरकली, की सावरायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ मिळत नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट अशी, की वेगवान वळणात भीतीने हळू गेले तर वाऱ्याचा दाब कमी पडतो, टायर आणि ब्रेक थंड पडतात आणि गाडी जास्तच घसरते. म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाही त्याला घसरण्याचा अनुभव येतो, आणि तो अनुभव आला की विश्वास आणखी उडतो. या चक्रातून सुटायचे तर एकदा जास्त वेगाने जाऊन पाहावे लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी, घरी बायको आणि दोन मुली असताना, हे सोपे नाही.

१८ एप्रिल २०२१ रोजी अलाबामा राज्यातील बार्बर येथे जॉन्सनची पहिली इंडीकार शर्यत झाली. शर्यतीत त्याची गाडी गरकन फिरली. विजेत्यापेक्षा तो तीन फेऱ्या मागे राहिला आणि एकोणिसावा आला. त्याच मैदानात कोल्टन हर्टा आणि पाटो ओवॉर्ड ही एकवीस वर्षांची पोरे धावत होती. जॉन्सनने पहिले अजिंक्यपद मिळविले तेव्हा ही मुले पाच-सात वर्षांची होती. ती शर्यत त्याच्याच टीममधल्या चोवीस वर्षांच्या अॅलेक्स पालूने जिंकली आणि वर्षाअखेर अजिंक्यपदही पालूलाच मिळाले. म्हणजे गाडीत दोष होता असे म्हणायलाही जॉन्सनला जागा नव्हती. त्याच कारखान्यात बांधलेली, तशीच गाडी घेऊन शेजारचा मुलगा पहिला येत होता.

त्या पहिल्या वर्षी जॉन्सन डावी-उजवी वळणे असलेल्या मार्गांवरच्या १२ शर्यती धावला. त्याची सर्वांत चांगली कामगिरी होती सतरावा क्रमांक, तोही हंगाम संपता संपता, लगुना सेका आणि लाँग बीच येथे. वर्षाअखेरच्या यादीत तो सव्विसावा.

या शर्यतींत गाडीला जोडलेली यंत्रे प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतात. ब्रेक कुठे दाबला, किती दाबला, स्टिअरिंग किती फिरविले, सगळे कागदावर येते. मग एकाच टीममधल्या दोन चालकांच्या रेघा एकावर एक ठेवून पाहतात. आम्ही कारकून माणूस, त्यामुळे हा प्रकार आम्हांला लगेच उमगला. दोन वह्या शेजारी ठेवून ताळा घ्यावा, तसेच हे. अमक्या वळणावर पालूने ब्रेक इतक्या जोराने मारला, जॉन्सनने इतक्या. फरक डोळ्यांना दिसतो आहे. चूक सापडली, लालशाईने खूण झाली. आमच्या कामात चूक सापडली की काम संपते, इथे ते सुरू होते. कारण चूक माहीत असणे वेगळे आणि दोनशे-अडीचशेच्या वेगात पायाने ती सुधारणे वेगळे. त्यात सरावाला बंदी. खर्च आटोक्यात राहावा म्हणून इंडीकारमध्ये सरावाचे दिवस मोजून दिलेले असतात. शर्यतीच्या आठवड्यात जे थोडेफार तास मिळतात, तेवढ्यातच शिकायचे. क्रिकेटपटूला नेटमध्ये हजार चेंडू खेळता येतात, या खेळात तशी सोय नाही.

त्याला शिकवायला जी माणसे लाभली, त्यांत एक होता स्कॉटलंडचा डारिओ फ्रँकिटी. इंडीकारचा चार वेळा अजिंक्यवीर आणि इंडियानापोलिसची प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत तीनदा जिंकलेला. पण आम्हांला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते ती निराळ्या कारणाने. २००७ साली सर्व काही जिंकल्यावर हाच फ्रँकिटी २००८ साली जॉन्सनच्या प्रांतात, म्हणजे नॅस्कारमध्ये, नशीब काढायला गेला होता. टॅलाडेगा येथील अपघातात त्याचा घोटा मोडला. जुलैपर्यंत पुरस्कर्त्यांचा पैसा आटला आणि मालकाने त्याची गाडीच बंद केली. तो परत आला आणि २००९, २०१० आणि २०११ अशी तीन वर्षे पुन्हा इंडीकारचा अजिंक्यवीर झाला. परक्या खेळात हात पोळून घेतलेला माणूस, त्याच्याच घरी पाहुणा आलेल्या माणसाला शिकवीत होता.

या प्रकरणाची दुसरी बाजू पाहायची तर कोलंबियाच्या हुआन पाब्लो मोंटोयाकडे वळावे लागते. तो निघाला होता बरोबर उलट्या दिशेने. इंडियानापोलिसची शर्यत त्याने २००० साली जिंकली. नंतर फॉर्म्युला वनमध्ये सात शर्यती जिंकल्या, त्यांत मोनॅको आणि मोन्झा यांसारख्या मानाच्या शर्यती होत्या. २००६ च्या मध्यावर त्याने मॅक्लारेनची गाडी सोडली आणि नॅस्कारमध्ये उडी घेतली. सहाशे किलोंच्या आसपासची गाडी सोडून दीड हजार किलोंची. वर्षाला १८ शर्यतींऐवजी ३६. दोन तासांच्या आत संपणाऱ्या शर्यतीऐवजी साडेतीन-चार तास चालणारी.

बारीकसारीक गोष्टीही माणसाला कशा अडवितात, ते पाहा. शर्यतीच्या मधे पेट्रोल आणि टायर घ्यायला गाड्या ज्या गल्लीत येतात, तिथे वेगमर्यादा असते. फॉर्म्युला वनमध्ये एक बटन दाबले की गाडी आपोआप त्या मर्यादेत राहते. नॅस्कारमध्ये तसे बटन नव्हते, एवढेच नाही तर गाडीला वेगाचा काटाही नव्हता. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाहून वेगाचा अंदाज चालकानेच करायचा. २००९ साली इंडियानापोलिसच्या मैदानावर नॅस्कारच्या १६० फेऱ्यांच्या शर्यतीत मोंटोया तब्बल ११६ फेऱ्या सर्वांच्या पुढे होता. मग याच गल्लीत वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला दंड झाला आणि तो अकरावा आला. ती शर्यत जिंकली कोणी? जिमी जॉन्सनने.

मोंटोयाने नॅस्कारच्या मुख्य स्पर्धेत दोन शर्यती जिंकल्या. २००७ साली सोनोमा, बत्तिसाव्या क्रमांकावरून सुरुवात करून, आणि २०१० साली वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही मार्ग डावी-उजवी वळणे असलेले, म्हणजे त्याच्या जुन्या ओळखीचे. नॅस्कारच्या बहुतेक शर्यती ज्या अंडाकृती रिंगणात होतात, तिथे तो अनेकदा जवळ पोहोचला, पण जिंकला एकदाही नाही.

आता जॉन्सनकडे परत येऊ. पहिल्या वर्षी त्याने इंडीकारची रिंगणे टाळली होती. कारण सरळ होते, जिवाची भीती. उघड्या डोक्याच्या या गाड्यांनी २०११ साली लास व्हेगासच्या रिंगणात डॅन व्हेल्डनचा आणि २०१५ साली पोकोनो येथे जस्टिन विल्सनचा बळी घेतला होता. विल्सनच्या शिरस्त्राणावर दुसऱ्या गाडीचा तुटलेला भाग येऊन आदळला होता. घरच्यांना या रिंगणांची धास्ती होती आणि ती जॉन्सनने मान्य केली होती. २०२० पासून चालकाच्या पुढे जाड पारदर्शक तावदान आणि मजबूत चौकट बसविण्यात आली. ती कसोटीला उतरताना त्याने वर्षभर पाहिली, घरी बोलणे झाले, चाचण्या घेतल्या आणि मग २०२२ साली तो रिंगणांतही उतरला. घरी विचारून निर्णय बदलणारा शूर पुरुष आम्हांला तरी जास्त शूर वाटतो. असो.

मार्च २०२२ मध्ये टेक्सास येथे त्याची पहिली रिंगणातली इंडीकार शर्यत झाली. जो माणूस वर्षभर सतरावा-एकोणिसावा येत होता, तो सहावा आला! गाडी तीच, वयाने तो वर्षभर मोठाच झालेला. फरक एवढाच, की इथे ब्रेकवर लाथ मारण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या-पुढच्या गाड्यांचा वारा ओळखणे, टायर जपणे, दोन-तीन तास डोके शांत ठेवणे, हे सगळे त्याच्या अंगात आधीच मुरलेले होते. मोंटोया परक्या गाडीत ओळखीच्या वळणांवर जिंकला, जॉन्सन परक्या गाडीत ओळखीच्या रिंगणात चमकला. आम्ही तर यावरून असा हिशेब मांडला, की नव्या गाडीपेक्षा नवी वाट जास्त अवघड.

पण हा हिशेब नायजेल मॅन्सेल या इंग्रज गृहस्थाने कधीच चुकवून ठेवला आहे. १९९२ चा हा फॉर्म्युला वन अजिंक्यवीर १९९३ साली अमेरिकेत गेला, ऑस्ट्रेलियातील पहिलीच शर्यत जिंकला आणि पहिल्याच वर्षी तिथलाही अजिंक्यवीर झाला. त्या वर्षीच्या त्याच्या पाच विजयांपैकी चार रिंगणातले! रिंगण त्याला अगदी नवे असूनही. अर्थात त्याची किंमत त्याने मोजली. फिनिक्सच्या रिंगणात सराव करताना तो भिंतीवर आदळला आणि पाठ दुखावून घेतली. इंडियानापोलिसला थोड्या फेऱ्या उरलेल्या असताना तो सर्वांच्या पुढे होता, पण संथ केलेली शर्यत चालत्या गाड्यांनिशी पुन्हा सुरू झाली तेव्हा फिटिपाल्डी आणि लायंडाइक हे दोन जुने खेळाडू त्याला ओलांडून गेले. तरी एकंदरीत तो तरला, कारण त्याच्या दोन्ही गाड्या एकाच कुळीच्या होत्या. उघडी चाके, पंख, हलके वजन. पायाची सवय त्याला बदलावी लागली नाही. वाट नवी असली तरी डोळे शिकतात. पायाला उलटे शिकविणे मात्र फार कठीण, असे आता आमचे मत झाले आहे.

आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयनही या वाटेने जाऊन आला आहे. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये धावलेला हा पहिला भारतीय २०१० साली नॅस्कारच्या ट्रक शर्यतींत उतरला आणि मार्टिन्सव्हिलच्या छोट्या रिंगणात पहिल्याच खेपेला तेरावा आला. एका हंगामापलीकडे मात्र ते पुढे गेले नाही.

टेक्सासच्या त्या सहाव्या क्रमांकानंतर तीनच आठवड्यांनी लाँग बीच येथे सरावात जॉन्सनची गाडी आदळली आणि हाताचे हाड मोडले. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे चाक भिंतीला लागले, की हिसका थेट मनगटात येतो. आदळण्यापूर्वी हात स्टिअरिंगवरून काढून घ्यावेत, अशी तिथल्या चालकांना शिकवण असते. आमच्या ड्रायव्हर मामांना हे सांगितले, तर त्यांना ते पटेना. संकटात स्टिअरिंग सोडायचे? पण तिथे ते सोडायचेच असते. जॉन्सनने हाताला कार्बन फायबरची पट्टी बांधून घेतली आणि त्याच रविवारी शर्यतीत उतरला. तीतही गाडी आदळली.

आम्हांला हे शौर्य वाटले नाही, हट्टीपणा वाटला. जड स्टिअरिंगची गाडी मोडक्या हाताने चालविणे म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशीही खेळ. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, नियमांत बसत असेल, तरी आमचे मत बदलत नाही.

मे महिन्यात इंडियानापोलिस. जॉन्सनच्या मनात ही शर्यत लहानपणापासून होती. त्याचा आदर्श होता रिक मिअर्स, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या शर्यतींतून वर येऊन इंडियानापोलिस चार वेळा जिंकलेला. जॉन्सनही त्याच वाळवंटात ट्रक पळवून वाढला. १९९५ च्या बाहा शर्यतीत तासन् तास गाडी चालवून त्याला डुलकी लागली होती आणि ट्रक उलटला होता. पण मिअर्सच्या वाटेने जाण्याऐवजी पोटापाण्याची संधी स्टॉक कारमध्ये मिळाली, तिकडे तो गेला. बालपणीची इच्छा पुरी व्हायला सेहेचाळिसावे वर्ष उजाडले. ताशी सुमारे ३७० किलोमीटरच्या सरासरीने त्याने पात्रता फेरीत बारावा क्रमांक मिळविला. शर्यतीत मात्र शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना गाडी भिंतीवर गेली, शर्यत थांबवावी लागली आणि त्याचा क्रमांक लागला अठ्ठाविसावा. जिंकला त्याचाच सहकारी मार्कस एरिक्सन. आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवशिक्याचा पुरस्कार मिळाला जिमी जॉन्सनला. सात वेळचा अजिंक्यवीर, पंचवीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहून नवशिक्याचे बक्षीस घेतो आहे!

जुलैमध्ये आयोवाच्या रिंगणात तो पाचवा आला. इंडीकारमधली त्याची हीच सर्वोच्च कामगिरी. डाव्या-उजव्या वळणांवर मात्र तो अखेरपर्यंत मागेच राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने जाहीर केले, की पूर्ण हंगाम आता आपण धावणार नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. जॉन्सनला ही जागा मिळाली, ती त्याच्या नावामुळे आणि त्या नावामागे आलेल्या पुरस्कर्त्याच्या पैशामुळे. या खेळात जागा मोजक्या असतात. एखाद्या होतकरू तरुणाला तीच गाडी मिळाली असती तर तो दहावा-बारावा आला असता, अशी टीका झाली आणि ती आम्हांला खोटी वाटत नाही. बस चालविणाऱ्या आईच्या मुलाने मिळविलेले नाव होते, वारशाने आलेले नव्हते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. शिवाय तो जागा अडवून कुढत बसला नाही. दर पंधरवड्याला हजारो लोकांसमोर मागे राहून, मग पत्रकारांपुढे उभे राहून आपण कुठे चुकलो ते सांगत होता. आपल्या कचेऱ्यांत वीस वर्षे काम केलेला माणूस नव्या टेबलावर बसविला, तर शेजारच्या पोराला विचारायला किती दिवस घेतो, ते आम्ही स्वतःवरूनच जाणतो. आम्ही पाच महिने घेतले होते.

मोंटोयाचे पुढे काय झाले, हेही वाचकांना हवे असेल. २०१४ साली तो इंडीकारमध्ये परतला आणि २०१५ साली इंडियानापोलिसची शर्यत पुन्हा जिंकला, पहिल्या विजयानंतर पंधरा वर्षांनी.

जॉन्सन २०२३ साली नॅस्कारमध्ये परतला, एका टीमचा भागीदार-मालक म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये २००९ चा फॉर्म्युला वन अजिंक्यवीर जेन्सन बटन हा इंग्रज खेळाडू टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे नॅस्कारच्या मुख्य स्पर्धेत प्रथमच उतरला. उघड्या गाडीची सवय असलेल्या या माणसाला बंद गाडीतल्या उकाड्याने बेजार केले. तरी तो अठरावा आला. जूनमध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांच्या प्रसिद्ध शर्यतीत एक नॅस्कारची गाडी प्रदर्शनादाखल धावविण्यात आली. हलक्या, बुटक्या शर्यती गाड्यांच्या गर्दीत ही धिप्पाड गाडी मोठ्याने गरजत फिरत होती आणि लोक तिला पाहायला कुंपणाशी उभे होते. तिला तीन चालक होते. जर्मनीचा माइक रॉकनफेलर, जो या चोवीस तासांच्या शर्यती कोळून प्यालेला, जेन्सन बटन आणि जिमी जॉन्सन. आळीपाळीने एक उतरायचा, दुसरा त्याच आसनावर बसायचा. दिवस, रात्र आणि पुन्हा दुपार अशी ती गाडी चालत राहिली आणि एकोणचाळिसाव्या क्रमांकावर शर्यत पूर्ण करून थांबली.